नवरा-लेकीला व्हिसा नको, मग मलाच का लागतो?

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताई मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या, वय चाळिशीच्या पुढे, लग्नानंतर सिंगापूरला गेल्या आणि आता तिथल्या पीआर, म्हणजे कायमच्या रहिवासी आहेत, पासपोर्ट मात्र भारताचाच. मिस्टरांनी काही वर्षांपूर्वी सिंगापूरची सिटिझनशिप घेतली, नऊ वर्षांची लेकही सिटिझन. डिसेंबरच्या शाळेच्या सुट्टीत आणखी काही मित्रकुटुंबांबरोबर चीनला, चोंगचिंग आणि लेकीला पांडा बघायचेत म्हणून चेंगडूला जायचं ठरलं. सिंगापूर आणि चीनने एकमेकांना व्हिसा माफ केलाय म्हणून मिस्टरांनी तिघांची तिकिटं काढूनही टाकली. मग ग्रुपमधल्या कुणीतरी विचारलं, वहिनींचा पासपोर्ट कुठला? तेव्हापासून घरात वाद आहे. मिस्टर म्हणतात, तू पण सिटिझनशिप घेऊन टाक, किती दिवस हे चालवणार. ओळखीतला एक एजंट म्हणतो, पैसे द्या, २४० तासांच्या ट्रान्झिटमध्ये बसवून देतो. ताईंचे वडील साताऱ्याला आजारी आहेत, माहेरच्या शेतजमिनीत ताईंचं नाव आहे, आणि शेवटी त्यांनी लिहिलंय, 'इतकी वर्षं इथे राहून, टॅक्स भरून, या दोघांची बायको आणि आई असून मीच वेगळ्या लाइनीत उभी राहते. मुलगी विचारते आईला वेगळी लाइन का. या दोघांना जाऊ दे आणि मी साताऱ्याला जाऊ का, की एकदाची सिटिझनशिप घेऊन टाकू?'

ताई, तुमचं पत्र मी परत परत वाचलं, कारण त्यात विचारलंय व्हिसाबद्दल पण दुखतंय दुसरंच काहीतरी, आणि दोन्हींची उत्तरं एकत्र दिली तर गोंधळ होईल. म्हणून आधी व्हिसाचं बोलते, ते सरळ आहे.

तुम्ही पीआर आहात म्हणून किंवा सिंगापूरच्या नागरिकाच्या पत्नी आहात म्हणून तुम्हाला त्या व्हिसामाफीत एंट्री मिळणार नाही. हे वाचून वाईट वाटेल पण यात तुमच्यावर अन्याय व्हावा असं कुणी ठरवलेलं नाही, करार नेमका काय असतो ते बघितलं की लक्षात येईल. सिंगापूर आणि चीनचा हा करार २५ जानेवारी २०२४ ला बीजिंगमध्ये सही झाला आणि ९ फेब्रुवारी २०२४ पासून, म्हणजे चिनी नववर्षाच्या आदल्या दिवसापासून लागू झाला. त्यात सिंगापूरचा साधा पासपोर्ट असलेल्यांना चीनमध्ये आणि चीनचा साधा पासपोर्ट असलेल्यांना सिंगापूरमध्ये ३० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय राहता येतं, फिरायला, नातेवाइकांना भेटायला, बिझनेसच्या कामाला. दोन सरकारं एकमेकांशी बोलतात तेव्हा ती फक्त आपापल्या नागरिकांच्या वतीने बोलू शकतात. सिंगापूरने तुम्हाला घर दिलं, राहायचा हक्क दिला, पण दुसऱ्या देशासमोर तुमच्या वतीने शब्द टाकायचा अधिकार सिंगापूरकडे नाहीच, तो भारताकडे आहे, कारण पासपोर्ट भारताचा. आणि भारत आणि चीनमध्ये असा करार नाही. मधली काही वर्षं तर दोन्ही देशांत इतकं ताणलेलं होतं की चिनी पर्यटकांना टुरिस्ट व्हिसा देणं भारताने २०२५ च्या जुलैमध्ये कुठे परत सुरू केलं, आणि थेट विमानं त्या ऑक्टोबरमध्ये. तेव्हा तुमच्या पासपोर्टवर चीनला जायचं तर व्हिसा काढूनच, दुसरा रस्ता नाही.

तुम्ही लिहिलंय की टॅक्स भरते, इतकी वर्षं झाली, मग माझा हक्क कसा नाही. हा विचार मनात येणं मी समजू शकते, पण ताई, इमिग्रेशनच्या काउंटरवर बसलेल्या माणसासमोर तुमची वर्षं येत नाहीत, त्याच्यासमोर येतं ते पासपोर्टचं पहिलं पान. त्याला तुमचं घर दिसत नाही, संसार दिसत नाही. त्यामुळे तिथे जे होतं ते तुमच्या किमतीवरचं मत म्हणून घेऊ नका, असं मी अगदी मनापासून सांगते. आणि खरं तर काउंटरच्याही आधीचा दरवाजा असतो तो चांगी एअरपोर्टवरच्या चेक-इन डेस्कचा. तिथली मुलगी तुमचा पासपोर्ट मशीनमध्ये घालते, तिच्या स्क्रीनवर कुठल्या पासपोर्टला कुठल्या देशात काय लागतं ते येतं, आणि व्हिसा नसेल तर ती बोर्डिंग पास देतच नाही, कारण चुकीच्या माणसाला नेलं तर एअरलाइनला त्याला स्वखर्चाने परत आणावं लागतं आणि वर दंडही बसू शकतो. म्हणजे 'जाऊन बघू, नवरा बरोबर आहे, समजावून सांगेल' हा प्रयोग चीनपर्यंत पोचणारसुद्धा नाही, लेकीसमोर चांगीवरच संपेल. तो करू नका.

आता एजंटबद्दल. २४० तासांचं ट्रान्झिट, म्हणजे तिसऱ्या देशात जाताना वाटेत दहा दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय थांबायची सोय, खरंच आहे, पण ते ठरावीक ५५ देशांच्या पासपोर्टना आहे. सिंगापूर त्या यादीत आहे, भारत नाही. म्हणजे ज्यांना त्याची गरज नाही त्या तुमच्या मिस्टरांना ते चालतं आणि तुम्हाला चालत नाही. शिवाय त्यात एका देशातून यायचं आणि तिसऱ्याच देशात जायचं अशी अट असते, सिंगापूरहून येऊन सिंगापूरला परत जाणाऱ्याला ते तसंही लागू होत नाही. हैनान बेटाची वेगळी व्हिसामाफी आहे, तिथेही ५९ देशांची यादी आहे आणि त्यातही भारत नाही. भारतीय पासपोर्टवर चालतं ते २४ तासांचं ट्रान्झिट, पुढच्या देशाचं पक्कं तिकीट हातात असताना, पण ते विमान बदलण्यापुरतं, त्यात पांडा बघून होत नाहीत. मग हा एजंट नक्की कशात बसवणार आहे तुम्हाला? जो माणूस यादीत नसलेलं नाव यादीत बसवतो असं म्हणतो त्याला एक पैसा देऊ नका, आणि पासपोर्ट तर त्याच्या हातात अजिबात देऊ नका. पुढे कधीतरी दुसऱ्या कुठल्या देशाच्या फॉर्मवर 'तुम्हाला कधी एंट्री नाकारली आहे का' असा प्रश्न येतो तेव्हा त्या एजंटचा फोन लागत नसतो.

सरळ रस्ता असा आहे. सिंगापूरमध्ये चीनचं व्हिसा अ‍ॅप्लिकेशन सेंटर आहे, तिथे पीआर असलेले परदेशी नागरिक अर्ज करू शकतात, त्यासाठी भारतात जायची गरज नाही. तुम्हाला लागेल तो एल व्हिसा, म्हणजे टुरिस्टचा. फॉर्म ऑनलाइन भरायचा, त्याबरोबर पासपोर्ट, फोटो, पीआरचा पुरावा, आणि तिकीट-हॉटेलचं बुकिंग तयार ठेवा. नवऱ्याच्या पासपोर्टची कॉपी आणि मॅरेज सर्टिफिकेटही फाइलमध्ये असू द्या, त्याने व्हिसा मिळायचा हक्क तयार होत नाही पण सगळं कुटुंब एकत्र जातंय आणि एकत्र परत येतंय हे दिसतं. नेमकी यादी आणि फी सेंटरच्या वेबसाइटवर बघा, कुणाच्या व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्डवर नको, कारण गेल्या काही वर्षांत हे नियम इतक्यांदा हललेत की मागच्या सुट्टीत जाऊन आलेल्या मैत्रिणीची माहितीही जुनी झालेली असू शकते.

यात एक गोष्ट मात्र तुमच्या बाबतीत जास्त महत्त्वाची आहे आणि मला वाटतं तुमच्या पोटात गोळा येतोय तो त्यामुळेच. अर्ज दिला की पासपोर्ट काही दिवस त्यांच्याकडे राहतो. त्याच दिवसांत साताऱ्याहून फोन आला तर? म्हणून अर्ज देतानाच काउंटरवर विचारा की घरी काही झालं तर पासपोर्ट मध्येच परत घेता येतो का, त्याला किती वेळ लागतो, आणि लवकर काम करून देणारी सेवा जास्त फी भरून मिळत असेल तर ती घ्या, तो खर्च इथे वाया जात नाही. शक्य असेल तर बाबांची तपासणी वगैरे होऊन तब्येत जरा स्थिर आहे असा आठवडा बघून अर्ज द्या. आणि भावाला आधीच सांगून ठेवा की या तारखेपासून या तारखेपर्यंत माझा पासपोर्ट माझ्याजवळ नसेल. हे सांगायला आपण कचरतो, वाटतं बाबा आजारी आणि हिला सुट्टीचं पडलंय असं म्हणतील, पण न सांगता टेन्शन घेत बसण्यापेक्षा हे बरं.

आणि हो, तुमचं रिएंट्री परमिट बघा. व्हिसाच्या गडबडीत हे भलतंच राहून जातं. पीआर म्हणून सिंगापूरच्या बाहेर पडायचं आणि पीआर म्हणूनच परत यायचं तर ते चालू असावं लागतं, संपलेलं असताना बाहेर पडलात तर पीआरच धोक्यात येतो, आणि हे चीनला जाताना जितकं खरं आहे तितकंच साताऱ्याला घाईघाईत निघतानाही. तारीख जवळ आली असेल तर व्हिसाच्या आधी ते रिन्यू करून घ्या.

आता मिस्टरांसाठी आणि तुमच्यासारख्या घरांतून ज्यांच्याकडे 'चालणारा' पासपोर्ट आहे त्या सगळ्यांसाठी थोडं. व्हिसामाफी म्हणजे अर्ज करायचा नाही एवढंच, एंट्री द्यायची की नाही हे अधिकारी तिथेच ठरवतो. म्हणजे एका अर्थाने अर्ज असतोच, तो काउंटरवर उभं राहून दोन मिनिटांत तोंडी होतो. कशाला आलात, कुठे राहणार, परत कधी जाणार, या तीन प्रश्नांची उत्तरं कागदासकट तयार हवीत, परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, फोनची बॅटरी संपली तर म्हणून एक प्रिंट. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक असू दे, आणि इथे मिस्टरांपेक्षा लेकीचा पासपोर्ट आधी तपासा, सिंगापूरमध्ये १६ वर्षांखालच्या मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो आणि मोठ्यांचा आता दहा वर्षांचा, त्यामुळे मुलांचा कधी संपत आला ते लक्षात राहत नाही. चीनचं अरायव्हल कार्ड २० नोव्हेंबर २०२५ पासून ऑनलाइन भरता येतं, ते फुकट आहे, सरकारी साइटवरच भरा, सर्चमध्ये वर येणाऱ्या आणि पैसे मागणाऱ्या साइट त्यांच्या नाहीत. हॉटेलात राहिलात तर पोलिसांकडची नोंद हॉटेलच करतं, पण ग्रुपमधलं कुणी चेंगडूत मित्राच्या घरी उतरणार असेल तर २४ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात नोंद करावी लागते, व्हिसा माफ असला तरी हा नियम माफ नसतो.

तुम्ही ओघात लिहिलंय की मिस्टर जाता जाता सुझोऊच्या एका सप्लायरला भेटणार आहेत. भेटणं, बोलणी करणं, फॅक्टरी बघणं हे बिझनेसमध्ये बसतं. पण तिथे कुणाकडून पगार घेऊन काम करणं, बातमीदारी करणं, किंवा ३० दिवसांच्या वर राहणं यात बसत नाही, त्याला आधी वेगळा व्हिसा लागतो. मुदतीपेक्षा जास्त राहिलं तर दिवसाला ५०० युआनप्रमाणे १०,००० युआनपर्यंत दंड होऊ शकतो किंवा ५ ते १५ दिवस कोठडी, आणि बेकायदा काम केलं तर ५,००० ते २०,००० युआन दंड. कंपनीच्या कामाबद्दल थोडी जरी शंका असेल तर कंपनीकडून लेखी घ्या की काम काय आहे.

हे मी जरा कडक सूर लावून सांगतेय कारण व्हिसामाफीच्या नावाने लोकांना फार फसवलं जातं आणि त्यात आपल्याकडची मुलंही असतात. इराणने २०२४ च्या फेब्रुवारीत भारतीयांना एकतर्फी व्हिसामाफी दिली होती, फिरायला. त्याचा फायदा घेऊन एजंटांनी नोकरीचं, पुढे तिसऱ्या देशात पोचवायचं आमिष दाखवून लोकांना तिकडे नेलं, तिथे उतरल्यावर काहींचं खंडणीसाठी अपहरण झालं, आणि शेवटी २२ नोव्हेंबर २०२५ पासून इराणने साध्या भारतीय पासपोर्टची ती सवलत थांबवली. म्हणून कुणी 'तिकडे व्हिसाच लागत नाही, चल नोकरी लावतो' म्हणालं की तिथेच थांबायचं. व्हिसामाफी पर्यटकाला असते, कामगाराला नसते, आणि एकतर्फी असेल तर देणारा ती कधीही काढून घेऊ शकतो. दोन देशांनी करार करून दिलेली जरा जास्त टिकाऊ असते, पण तिच्यातही प्रत्येक कराराची अट वेगळी. थायलंड आणि चीनचा करार १ मार्च २०२४ चा, त्यात एका वेळी ३० दिवस आणि कुठल्याही १८० दिवसांत मिळून ९० दिवस अशी मर्यादा आहे. आपला मालदीवबरोबरचा करार ११ मार्च २०१९ ला लागू झाला आणि त्यात आपल्याला ९० दिवस मिळतात. एका कराराचा नियम दुसऱ्याला लावायचा नाही, आणि नवऱ्याचा पासपोर्ट बायकोला तर नाहीच नाही. गोव्यातल्या कितीतरी घरांत एकाकडे पोर्तुगीज पासपोर्ट आणि दुसऱ्याकडे भारतीय असतो, त्यांनाही प्रत्येक प्रवासात हेच करावं लागतं, दोन माणसं म्हणजे दोन वेगळे अर्ज समजून चालायचं.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

ताई, सिटिझनशिपचा निर्णय या ट्रिपच्या दावणीला बांधू नका. एक तर वेळेचंच गणित बसत नाही. सिंगापूरच्या सिटिझनशिपचा अर्ज महिनोन्महिने चालतो, मग भारताचं नागरिकत्व सोडायचं, शपथ, नवा पासपोर्ट. या डिसेंबरला त्याचा काही उपयोग नाही, म्हणजे मिस्टर जे म्हणाले ते या प्रश्नाचं उत्तर नव्हतंच, तो वेगळाच विषय त्यांनी रागाच्या भरात मध्ये आणला. विषय मात्र खोटा नाही, त्यावर बोलायला हवं, फक्त वेगळं बसून.

बोलाल तेव्हा काही गोष्टी नीट माहीत असू द्या. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही आणि सिंगापूरही देत नाही. तुम्ही सिंगापूरची सिटिझनशिप घेतली की भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे भारतीय नागरिकत्व संपतं, पासपोर्ट सरेंडर करावा लागतो. त्यानंतर ओसीआय कार्ड, म्हणजे मूळच्या भारतीयांना मिळणारं 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्ड मिळतं, जसं मिस्टरांकडे आहे, आणि त्यावर भारतात आयुष्यभर ये-जा करता येते. पण ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे, मतदान नाही. आज तुम्ही परदेशात राहूनही फॉर्म ६अ भरून गावच्या मतदार यादीत नाव ठेवू शकता, मत द्यायला मात्र तिथे जावं लागतं. तेही तेव्हा जाईल. काहींना याचं काही वाटत नाही, काहींना फार वाटतं, दोन्ही बरोबर आहे, प्रश्न तुम्हाला काय वाटतं एवढाच आहे.

शेतीबद्दल तुमची भीती थोडी बाजूला ठेवता येईल असं मला वाटतं. तुम्ही धरून चाललाय की नागरिकत्व सोडलं की माहेरची जमीन जाईल. शेतजमीन विकत घ्यायला ओसीआयवाल्यांना बंदी आहे हे खरं, पण परदेशात कायम राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही ती विकत घेता येत नाही, म्हणजे तो रस्ता तुम्हाला आजही बंद आहे. वारसाने आलेली मात्र दोघांनाही ठेवता येते. तरीसुद्धा तुमचं नाव सातबाऱ्यावर कसं आलंय, वारसाने, बक्षीसपत्राने की वाटणीने, यावर बरंच अवलंबून आहे, म्हणून साताऱ्याच्या एखाद्या चांगल्या वकिलाला कागद दाखवा आणि उतारे हातात घेऊनच बोला. भावालाही बरोबर घ्या, त्याच्या मनात काही शंका येण्याआधी.

आणि एक गोष्ट जी मिस्टरांनी तुम्हाला सांगितलेली दिसत नाही, कदाचित त्यांच्या वेळी तशी अडचण आली नसेल. भारतीय पासपोर्ट सरेंडर केल्यापासून ओसीआय हातात येईपर्यंत मधले काही आठवडे असतात, त्या काळात भारतात जायला तुम्हालाच व्हिसा लागतो, सिंगापूरच्या पासपोर्टवर ई-व्हिसा. बाबांची तब्येत अशी असताना त्या मधल्या आठवड्यांत तुम्ही अडकायला नको. आज रात्री फोन आला तर तुम्ही उद्या सकाळच्या विमानात बसू शकता, कुणाला काही विचारायची गरज नाही, मुंबईला उतरून थेट भारतीयांच्या लाइनीत. माझं स्पष्ट मत विचाराल तर बाबांचं हे आजारपण मार्गी लागेपर्यंत हा अर्ज करूच नका. पुढे सवडीने केलात तर तो माझ्या मते चुकीचा निर्णय मुळीच नसेल, लेक तिथली, नवरा तिथला, म्हातारपण तिथे काढायचं असेल तर एक पासपोर्ट असण्यात खूप सोय आहे आणि त्यात माती विसरण्याचं पाप वगैरे काही नाही. पण तो तुम्ही मनाने तयार झाल्यावर घ्या, एअरपोर्टवरच्या लाज वाटण्यावरून घेऊ नका.

'या दोघांना जाऊ दे, मी साताऱ्याला जाते' हा पर्याय तुम्ही ज्या सुरात लिहिलाय तो सूर मला बरा वाटला नाही. बाबांसोबत राहायचं म्हणून जाणार असाल तर जरूर जा, तो फार चांगला वेळ असेल आणि लेक बाबाबरोबर पांडा बघून येईल, त्यात कुणाचं काही बिघडत नाही. पण रुसून, 'मी तुमच्यात बसत नाही ना' म्हणून जाणार असाल तर जाऊ नका. तिथे गेल्यावरही मन तिकडेच राहील आणि बाबांना ते लगेच कळेल.

तुम्हाला खरं लागलंय ते मला वाटतं हे की तिकिटं काढताना तुमचा पासपोर्ट वेगळा आहे हे घरात कुणाच्या लक्षातच आलं नाही. मिस्टरांची बाजू घेत नाही, पण असंही असू शकतं की त्यांच्या डोक्यात तुम्ही तिघं इतके एक आहात की कागद वेगळे आहेत हे त्यांना आठवलंच नाही. चूक झाली, ती त्यांनी कबूल करायला हवी, तुमच्या पासपोर्टवर ढकलायला नको. त्यांना शांतपणे एवढंच सांगा की यापुढे कुठलंही तिकीट काढायच्या आधी तिघांचे पासपोर्ट टेबलावर ठेवून बघायचं, आणि या वेळचा व्हिसाचा फॉर्म भरणं, बुकिंगच्या प्रिंट काढणं, सेंटरमध्ये तुमच्याबरोबर येणं हे त्यांनी करायचं. अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते तिथे तुमच्या शेजारी बसले तर त्या वेगळ्या लाइनीचं दुःख बरंच कमी होईल.

लेकीलाही खरं सांगा. ती नऊ वर्षांची आहे, तिला कळतं. सिंगापूरमध्ये जन्मलेला लेले पांडा २०२४ च्या जानेवारीत चीनला गेला तेव्हापासून ती तिकडे जायचं म्हणतेय असं तुम्ही लिहिलंय, मग तिला सांगा की लेले सिंगापूरमध्ये जन्मला तरी चीनचाच होता म्हणून तो गेला, आई सिंगापूरमध्ये राहते तरी तिचा पासपोर्ट भारताचा आहे म्हणून तिला आधी विचारून जावं लागतं. तिला यात काही कमीपणा वाटणार नाही, तुम्ही सांगताना वाटून घेतला नाहीत तर.

आणि समजा व्हिसा वेळेत नाहीच झाला, किंवा बाबांमुळे पासपोर्ट हातातून सोडायची हिंमत नाही झाली, तर जागा बदलायचा विचारही मोकळेपणाने करा. मलेशियाने भारतीयांना दिलेली व्हिसामाफी ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवलेली आहे, तुम्हाला फक्त डिजिटल अरायव्हल कार्ड आधी भरावं लागेल. मॉरिशसलाही फिरायला जायला भारतीय पासपोर्टवर आधी व्हिसा लागत नाही. तिकिटं रद्द करायचे पैसे किती जातात आणि तारीख बदलून उन्हाळ्यात जाता येतं का हे एअरलाइनला आजच विचारून ठेवा, कारण जितका उशीर तितका तो आकडा वाढतो.

अर्ज भरताना एक सांभाळा, आपल्या मराठी बायकांचं इथे हमखास अडतं. आपल्या पासपोर्टवर दिलेल्या नावाच्या रकान्यात बहुतेक वेळा स्वतःचं नाव आणि नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव एकत्र असतं, आणि तिकिटावर मात्र नुसतं पहिलं नाव आणि आडनाव टाकलेलं असतं. तुमचं तर पासपोर्टवर माहेरचं आडनाव आहे असं पत्रावरून दिसतंय आणि मिस्टरांनी घाईत तिकीट सासरच्या आडनावाने काढलंय का ते आधी बघा. फॉर्मवर, तिकिटावर आणि हॉटेलच्या बुकिंगवर पासपोर्टमध्ये आहे तसंच, त्याच क्रमाने नाव असू दे, तिकिटात वेगळं असेल तर अर्ज द्यायच्या आधी एअरलाइनकडून दुरुस्त करून घ्या, आणि मॅरेज सर्टिफिकेटची एक कॉपी पर्समध्ये ठेवा, लेकीचं आडनाव तुमच्यापेक्षा वेगळं असल्याने परतीच्या वाटेवर कुणी विचारलंच तर ती दाखवता येईल.